आराखड्याबाहेरची होडी

'वल्हं' मासिकाचा शेवटचा छापील अंक आला त्या दिवशी मी पोस्टमनवर ओरडले. त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती. पण संपादक काही स्वतः अंक टाकायला येत नाही, आणि माझ्या रागाला समोर माणूस लागतो. मुखपृष्ठावर नेहमीसारखी होडी होती आणि खाली लाल पट्टीत लिहिलं होतं: 'पुढच्या महिन्यापासून वल्हं तुमच्या पडद्यावर!'

"उद्गारचिन्ह बघा मेल्याचं," मी वन्संना म्हटलं. "ह्याचं घर जळालं तर दारावर पाटी लावेल, आता भरपूर मोकळी हवा!"

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, निवृत्त झाल्यावर आमच्याकडे राहायला आल्या. मी शहर बसमध्ये कंडक्टर होते. नणंद-भावजय म्हटलं की लोकांना विळा-भोपळा आठवतो. आमचंही तसंच होतं, पण त्यांचे डोळे बिघडायला लागले आणि डॉक्टरांकडे मी सोबत जायला लागले तसं भांडायला वेळ कमी पडायला लागला. त्या डॉक्टरांच्या बाकावर ताटकळत असताना कुणीतरी विसरलेला 'वल्हं'चा अंक मला सापडला. मी वाचून दाखवला, वन्संनी ऐकला, आणि जाताना मी तो पिशवीत घातला. चोरी म्हणा हवं तर. अर्धा तिथेच टाकून येणं जमलं नसतं.

'वल्हं' होतं घरच्या घरी लाकडी होडी बांधणाऱ्यांसाठी. असे वेडे किती असणार? पण आहेत. प्रत्येक अंकाच्या पोटात घड्या घातलेला एक मोठा कागद यायचा. त्यावर होडीचा एकेक भाग खऱ्या मापात काढलेला असायचा. उलगडला की अख्खी खोली व्यापायचा, म्हणून सगळे वाचक त्याला चादर म्हणत. चादर प्लायवूडवर पसरायची, रेघेवरून टोच्याने भोकं पाडत जायचं, चादर उचलायची, ठिपके जोडायचे आणि करवत चालवायची. मोजमाप नाही, गणित नाही. अंक आला की महिनाभर कापाकापी, मग पुढच्या अंकाची वाट. पुढची चादर येईपर्यंत पुढचं काम नाही, त्यामुळे घाई करून वाट लावायची सोयच नव्हती.

शेवटचा छापील अंक आला तेव्हा आमच्या बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या जागी ठोकळ्यांवर होडीच्या पुढच्या पाच फासळ्या उभ्या होत्या. हे दुसऱ्या आणि तिसऱ्या फासळीच्या मधून टीव्ही बघायचे. त्यांना पाण्याची इतकी भीती की बादली भरलेली असली तरी लांबून तांब्या घालतात. "घरात होडी म्हणजे अपशकुन," असं ते रोज एकदा म्हणायचे आणि वर भुसा झटकून चहा मागायचे.

मागच्या चार फासळ्या राहिल्या होत्या. आणि वेळ राहिला नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पुढच्या वर्षापर्यंत वन्संना उजेड आणि अंधार एवढंच कळेल. वाचकांचा मेळावा दरवर्षी हंगामाच्या शेवटी तळ्यावर भरतो. सगळे आपापल्या होड्या घेऊन येतात आणि एकत्र पाण्यात उतरतात. वन्संनी ठरवलं होतं, ह्या वर्षी जायचं. स्वतःची होडी, स्वतःच्या हातात वल्ही.

"मला काठ मागे जाताना बघायचाय, वहिनी," त्या म्हणाल्या होत्या. "आयुष्यभर एका खुर्चीत बसून दुसऱ्यांचे फोन जोडले. आपण कुठून तरी निघालोय हे एकदा डोळ्यांनी बघू दे."

म्हणून मला त्या लाल पट्टीचा एवढा संताप आला. मी देवासमोर हात जोडून नव्हे, कपाळाला हात लावून शपथ घेतली की त्या पडद्याकडे मी ढुंकूनही बघणार नाही. छापतील तर वाचीन.

वन्संनी शपथ वगैरे घेतली नाही. त्यांनी एक टॅब्लेट घेतला, मांडीवर ठेवला, दोन बोटं फाकवली आणि अक्षर मुठीएवढं झालं. त्यांनी पहिली ओळ मोठ्याने वाचली. मग दुसरी. एका वेळी तीन-चार शब्दच मावत होते, पण ते त्या स्वतः वाचत होत्या. कागदावरचं त्यांना वाचता येईनासं होऊन बराच काळ लोटला होता.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. खरं सांगायचं तर वाईट वाटलं. वाचून दाखवणं हे माझं काम होतं. जेवणानंतर मी पाय वर घेऊन बसायचे, चष्मा लावायचे, आणि वन्सं माझ्या तोंडाकडे कान करून बसायच्या. आता त्याच मला विचारू लागल्या, "वहिनी, वाचून दाखवू का?" मी म्हणायचे, "नको, मला भांडी घासायची आहेत." घरात इतकी स्वच्छ भांडी कधी नव्हती.

चादर आता चादर राहिली नव्हती. तिचे लहान लहान तुकडे करून पाठवले होते, ते छापून घ्यायचे आणि चिकटपट्टीने जोडायचे. वन्संनी पडद्यावर चित्र शोधलं, चित्राची पानं निवडली, गल्लीतल्या छपाईच्या दुकानात पाठवली. मी जाऊन गठ्ठा आणला. कागदाला माझा विरोध नव्हताच. रात्रीच्या जेवणापर्यंत आम्ही जमिनीवर रांगत ते जोडले, पुढच्या दिवसांत कापले, आणि चार फासळ्या पाच फासळ्यांच्या मागे उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "झालं की! उगाच घाबरलो." उचलली जीभ लावली टाळ्याला.

फासळ्या उभ्या राहिल्या की एक लांब लवचीक पट्टी पुढून मागपर्यंत वाकवून धरायची असते. ती प्रत्येक फासळीला टेकली पाहिजे. मी पुढचं टोक धरलं, वन्सं हाताने चाचपत मागे गेल्या. पाचव्या फासळीनंतर त्या थांबल्या.

"वहिनी, इथे हवा आहे."

"हवा सगळीकडे असते."

"पट्टी आणि लाकडाच्या मध्ये आहे."

मी जाऊन पाहिलं. पट्टी आणि सहाव्या फासळीच्या मध्ये माझी दोन बोटं जात होती. सातवीतही तेच. मागच्या चारही फासळ्या आकाराने अगदी बरोबर होत्या, फक्त लहान होत्या. मोठ्या भावाचा सदरा धाकट्याच्या अंगावर दिसतो तशी ती पट्टी दिसत होती.

संपादकाला फोन मी लावला. आधी मला वाटेल ते बोलून घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "बाई, मूळ मापात छापलं नाहीत तुम्ही. यंत्र कडेला जागा सोडायला चित्र आपोआप बारीक करतं. तशी सूचना दिली आहे पहिल्या पानाच्या तळाशी. शिवाय तपासायला एक रेघही दिली आहे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पहिलं पान आम्ही छापलंच नव्हतं, त्यावर चित्र नव्हतं. आणि पडद्यावर वन्संनी अक्षरं इतकी मोठी केली होती की पानाचा तळ कधी वर आलाच नाही. त्यांच्या शेजारी बसून कुणी एकदा नजर टाकली असती तर दिसला असता. पण ते कुणीतरी भांडी घासत होतं.

"तुम्ही एकट्या नाही," संपादक पुढे म्हणाला. "सकाळपासून फोन येताहेत."

तेच झालं होतं. पुढचं अर्धं अंग कागदावरून, मागचं पडद्यावरून, अशा बारकुड्या बुडाच्या होड्या घराघरांत, गॅरेजांत, गच्च्यांवर उभ्या होत्या. आठवडाभरात त्याने पडद्यावर जाहीर केलं: सर्वांनी मागच्या फासळ्या मोडून नव्याने कराव्यात. आराखड्याबरहुकूम नसलेल्या होड्या सुरक्षिततेच्या कारणास्तव मेळाव्यात घेतल्या जाणार नाहीत. ज्यांना जमणार नाही त्यांनी पुढच्या वर्षी यावं.

ह्यांना हे ऐकून इतकं बरं वाटलं की त्यांनी स्वतः उठून टीव्ही बंद केला. "चांगलंच झालं. तिला धड दिसत नाही आणि तू तिला पाण्यात ढकलायला निघालीस. पुढच्या वर्षी बघू."

"दादा," वन्सं म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बघणार कोण?"

मग वन्संनी स्क्रूचा डबा माझ्या हातात दिला. "फळ्या ठोकायला घे, वहिनी. फासळ्या लहान आहेत ना? मग फळ्यांना वाकायला सांगू. फळ्या काय संपादकाला विचारून वाकतात?"

आम्ही फळ्या वाकवल्या. गरम पाण्याची फडकी टाकून, दोरीने आवळून, गुडघे टेकून. पाचव्या फासळीनंतर होडी एकदम आत गेली, कुणी मागून चिमटीत धरल्यासारखी. दिसायला विचित्र होती. मला फार आवडली. सरळसोट होड्या काय, फोटोत सगळ्यांच्याच असतात.

एका दुपारी वन्सं टॅब्लेट तोंडासमोर धरून बोलायला लागल्या. बोललेलं तिथे आपोआप उमटतं म्हणे. 'वल्हं'च्या वाचकांच्या पानावर त्यांनी लिहवून घेतलं, "आमची होडी मागून चिमटीत धरल्यासारखी झाली आहे. आम्ही ती तशीच आणणार. फासळ्या पुन्हा करायला माझ्याकडे पुढचं वर्ष नाही."

मी म्हटलं, "कशाला? छापायचा नाही तो." मला अनुभव होता. छापील 'वल्हं'ला मी पत्रं पाठवायचे. ती तिसऱ्या महिन्यात यायची आणि तोवर संपादकाने त्यातला सगळा तिखटपणा काढून टाकलेला असायचा. माझ्या सहीखाली कुणा सौम्य बाईचं पत्र छापून यायचं.

चहा होईपर्यंत वन्संनी हाक मारली. "वहिनी, उत्तरं आली. वाचून दाखव ना. माझे डोळे दमले."

डोळे दमले नव्हते. मला कळत होतं आणि त्यांना माहीत होतं की मला कळतंय. मी चष्मा लावला, शपथ गुंडाळून ठेवली आणि पडद्याकडे पाहिलं.

एका बेकरीवाल्याने लिहिलं होतं, "माझीही चिमटीच आहे. आणतो." एका परिचारिकेने लिहिलं होतं, "माझी चिमटी आणि वर वाकडी. येते." खाली आणखी होते, आणखी होते, बोट सरकवावं तसे येतच होते. कुणी मोडणार नव्हतं. होड्या मोडायला सांगणारा संपादक आणि बांधणारे आम्ही, ह्यात कोण जास्त हट्टी हे त्याला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. मी वाचून दाखवता दाखवता उभी राहिले. "सरका जरा," मी म्हटलं, "आता मी बोलते." आणि मी जे बोलले ते तसंच्या तसं उमटलं, त्यातली एकही मिरची कुणी काढली नाही. पडद्याला मी अजून माफ केलेलं नाही, पण तेवढं त्याचं मान्य करायला हवं.

मेळाव्याच्या दिवशी होडी खिडकीतून बाहेर काढली, कारण दारातून निघेना. तो बेकरीवाला व्हॅन घेऊन आला होता. पावांचे ट्रे काढून टाकून त्याने टपावर दोन होड्या बांधल्या, त्याची आणि आमची. हे पुढच्या सीटवर बसले. मी विचारलं, "तुम्ही कशाला?" म्हणाले, "कुणीतरी घरी येऊन सांगण्यापेक्षा इथेच कळलेलं बरं." असं बोलतात ते.

तळ्याच्या फाटकाशी संपादक उभा होता. उंच, सडपातळ, हातात लाकडी साचा. प्रत्येक होडीच्या मागच्या अंगावर तो साचा धरून बघायचा. समोर रांगच रांग होती, आणि निम्म्याहून अधिक चिमट्या. साचा सगळ्यांवर सैल बसत होता.

"बाई, नियम म्हणजे नियम," तो मला म्हणाला. "उद्या काही झालं तर जबाबदार मीच ना? छापील अंक बंद करावा लागला त्याचं मलाही दुःख आहे. तरी मी तळाशी सूचना दिली होती."

"दिली होती," मी म्हटलं. "ड्रायव्हरनेही ब्रेक लावला होता, असं अपघातानंतर सगळे म्हणतात. लोक पान वाचतात, पानाचा तळ वाचत नाहीत. कागदावर तळ डोळ्यासमोर असायचा."

"मी एकाही चिमटीला आत सोडणार नाही."

"आत म्हणजे कुठे? तळं काय तुमच्या मासिकाची पुरवणी आहे?"

फाटक त्याचं होतं. फाटकापलीकडचा लाकडी धक्का त्याने भाड्याने घेतला होता. पण थोडं पुढे सगळ्यांसाठीच्या दगडी पायऱ्या होत्या, जिथे लोक पाय धुतात आणि मुलं दगड फेकतात. आम्ही होडी खांद्यावर घेतली आणि तिकडे वळलो. मागून बेकरीवाला आला. त्याच्यामागून ती परिचारिका. मग मागे बघायची गरज राहिली नाही, आवाजच येत होता, लाकडाचा आणि हसण्याचा. संपादक साचा हातात घेऊन फाटकाशीच राहिला.

होडी पाण्यात उतरली आणि तरंगली. वन्सं मधल्या फळीवर बसल्या, वल्ही अडकवली. मागची बैठक माझी. तिथे बसून मी पुढचं बघणार, डावं-उजवं सांगणार आणि त्या वल्हवणार, असं आमचं पहिल्या फासळीपासून ठरलेलं. मी एक पाय टाकला. होडीचं बूड खाली गेलं. दुसरा टाकला तेव्हा पाणी काठावरून आत आलं आणि माझ्या चपला भिजल्या.

मी उतरले. पुढे बसून पाहिलं तर होडीने नाकच पाण्यात खुपसलं. मी काही फूल नाही, कधीच नव्हते. पण आराखड्यातल्या होडीने मला सहज नेलं असतं. बूड लहान झाल्यामुळे जे कमी पडलं होतं ते नेमकं माझ्या वजनाएवढं.

घोडं इथे पेंड खात होतं. संपादक पूर्ण चुकला नव्हता हे माझ्या लक्षात आलं.

"चला वन्सं, उतरा," मी म्हटलं. "बेकरीवाल्याची होडी मोठी आहे. तो नेईल तुम्हाला."

"त्याची होडी त्याने बांधली. ही मी बांधली."

"अहो, तुम्हाला दिसत नाही! समोर कोण आलं, काय आलं, कोण सांगणार?"

वन्संनी लाइफ जॅकेटचा पट्टा आवळला. मग माझ्या दिशेने तोंड करून हसल्या. "वहिनी, वल्हवणारा कुठल्या तोंडाने बसतो?"

मी त्यांच्या हातातल्या वल्ह्यांकडे पाहिलं.

"पाठमोरा बसतो. पुढचं कुणालाच दिसत नाही, डोळसालाही नाही. मला काठ दिसतोय. काठावर एक निळा ढिगारा दिसतोय, तो तू आहेस. मी तुझ्याकडे बघत जाणार आणि तू मला सांगत राहा. आवाजावर मी आयुष्य काढलंय."

मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. मी वाकले, दोन्ही हात मागच्या त्या चिमटलेल्या अंगाला लावले आणि ढकललं. वल्ही पाण्यात पडली, एक खोल, एक उथळ, होडी जरा फिरली आणि मग सरळ झाली. बेकरीवाला आणि बाकीच्या चिमट्या तिच्या आजूबाजूला उतरल्या, पण जरा अंतर ठेवून.

हे तळ्याकडे पाठ करून बाकावर बसले होते. "गेली का?" त्यांनी विचारलं.

"गेल्या."

"दोघी जाणार होतात ना?"

"जागा नव्हती."

"डावीकडे!" मी ओरडले. वन्संनी वल्ही थांबवली. "तुझं की माझं?" पाण्यावरून आवाज आला आणि सगळे हसले. "तुमचं!" होडी वळली. फाटकाकडून संपादक पायऱ्यांपर्यंत आला होता. साचा त्याच्या काखेत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, मला काम होतं.

वन्सं लहान होत गेल्या. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता. पण त्यांना मी आता ढिगारासुद्धा दिसत नसणार हे मला कळत होतं, आणि त्या थांबत नव्हत्या. मग एकदम थांबल्या. वल्ही वर, पाणी ठिबकतंय. मान थोडी तिरकी, फोनवर पलीकडचा आवाज आला नाही की करत असतील तशी.

मी छाती भरून श्वास घेतला. नोकरीभर गच्च भरलेल्या बसमध्ये, दोन्ही दारांना लोंबकळणाऱ्या माणसांना जे ओरडून सांगत आले, तेच तोंडातून निघालं, आणि अख्ख्या तळ्याला ऐकू गेलं.

"पुढे चला! पुढे जागा आहे!"

वल्ही पाण्यात पडली.